एका बाजूचा वायपर

१

“वायरी बदलून काही होणार नाही. नवीला एकदा पुढच्या सीटवर बसव, म्हणजे तो आपोआप थांबेल.”

हे वाक्य तिच्यासाठी नव्हतं. सासूबाईंनी ते आपल्या मुलाला सांगितलं होतं, आणि ती मधे वाळत घातलेल्या ओल्या चादरीच्या अलीकडे तोंडात दोन चिमटे धरून उभी होती. चिमटे नसते तरी ती काही बोलली नसती म्हणा. ‘मुलगी शांत आहे’ या एका गुणावर तिचं लग्न जमलं होतं, आणि अवघ्या तीन महिन्यांत तो गुण मोडीत काढावा असं काही घडलं नव्हतं.

चादरीपलीकडून नवरा म्हणाला, जरा दिवस जाऊ देत, तिला रुळू तरी दे. सासूबाईंची काठी फरशीवर टकटक करत घरात गेली. तिने चिमटे चादरीला लावले, पुढची चादर झटकली, आणि मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा एकदा सरळ करून पाहिलं. वायपर थांबवायला माणूस कशाला लागतो?

नवी म्हणजे ती. या घरात एकाच महिन्यात दोन गोष्टी नव्या आल्या होत्या, एक ती आणि दुसरा चादरींना इस्त्री करणारा मोठा रोलर. अप्पा, म्हणजे सासरे, त्या यंत्रालाही नवीच म्हणायचे. “नवी तापली का रे?” अशी त्यांची हाक आली की नक्की कुणाची चौकशी चाललीय हे कळायला तिला क्षणभर लागायचं. तिच्या मते उत्तर बहुतेक वेळा दोघींना लागू होतं.

२

घराचा धंदा धुलाईचा. पुढच्या दोन खोल्यांत यंत्रं, मागे चादरी वाळवायचं अंगण, वर राहायचं. दोन हॉटेलं आणि एका वसतिगृहाच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल रोज यायचे, धुऊन, इस्त्री होऊन दुपारी चारच्या फेरीला परत जायचे. त्यासाठी पांढरी व्हॅन. व्हॅन नवरा चालवायचा आणि त्याच्या शेजारच्या सीटवर गठ्ठे पोचते करायला सासूबाई बसायच्या. बसायच्या म्हणजे अठ्ठावीस वर्षं बसल्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गाडीत चढ-उतर बंद केली, आणि तेव्हापासून व्हॅनचा वायपर आपला आपण चालू व्हायला लागला.

नवऱ्याच्या मते स्विच गेला होता. जुनी गाडी, घरात सतत वाफ, ओल धरणारच. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं. तिला खटकत होत्या त्या दोन बारीकसारीक गोष्टी.

एक म्हणजे ती सीट. सासूबाई बसत नसल्या तरी रोज सकाळी त्या एक कडक इस्त्रीची चादर घेऊन काठी टेकत अंगणात यायच्या आणि त्या सीटवर अंथरायच्या. मागे गठ्ठे छताला लागले, एखादा घसरून पडला, तरी नवरा पुढच्या सीटवर रुमालसुद्धा ठेवायचा नाही.

दुसरी गोष्ट काचेची. अंगणात दिवसभर कापसाचे तंतू आणि धूळ उडायची, ती काचेवर बसायची. एका दुपारी तिने पाहिलं, तर शेजारच्या सीटसमोर उघडलेल्या हातपंख्यासारखा अर्धगोल लख्ख पुसलेला होता. चालकासमोरची धूळ मात्र जशीच्या तशी.

ते तिथेच सोडून देता आलं असतं. पण तिचे वडील गाड्यांचे इलेक्ट्रिशियन होते. शाळा सुटली की ती त्यांच्या दुकानात करंट तपासायचा टेस्ट लॅम्प धरून उभी राहायची, आणि वायपरचं पोट तिने शंभरदा उघडं पाहिलं होतं. मोटर एक, तिच्यापुढे एक दांडी, दांडीला दोन हात. एक हलला की दुसऱ्याला हलावंच लागतं. एक बाजू पुसली जाईल आणि दुसरी नाही, असं होत नाही.

३

रविवारी सकाळी नवऱ्याने नवा स्विच बसवायला घेतला. तो डॅशबोर्डखाली आडवा, पाय दाराबाहेर; ती टॉर्च धरून. स्टीअरिंगजवळचा जुना स्विच त्याने काढून टाकला होता आणि खटक्याचा एक साधा काळा स्विच आणला होता. मोटरकडून येणाऱ्या वायरींपैकी त्याने एक स्विचला जोडली, एक चासीच्या लोखंडाला लावली, कायम करंटची फ्यूजवरच राहू दिली, जास्तीच्या वेगाची सोडून दिली, आणि उरलेल्या एका वायरीला हिची गरज नाही म्हणत काळी टेप गुंडाळायला लागला.

“ती गुंडाळू नका,” ती म्हणाली.

तो घसटत बाहेर आला. लग्नानंतर ती त्याला ‘नका’ असं बहुधा पहिल्यांदाच म्हणाली असावी. मग तिने सांगितलं. ही गुंडाळली असती तर स्विच बंद केल्यावर वायपर जिथे असेल तिथेच, काचेच्या मध्यात थांबला असता. तो खाली जाऊन आडवा होतो तो याच वायरीमुळे. बंद केल्यावरही हात जागेवर पोचेपर्यंत ही करंट देत राहते आणि पोचला की मोटरच्या आतच तुटते. तिचे वडील हिला घरची वायर म्हणायचे. त्यासाठी साधा स्विच चालणार नाही, तीन पायांचा लागेल. मधला पाय मोटरला, एक बाजू फ्यूजमधून बॅटरीकडे, दुसरी बाजू या वायरीला.

हे आधी सांगितलं असतंस तर, असं नवरा म्हणाला. ती म्हणाली, विचारलं नव्हतं. तो हसला. हसला की तो चांगला दिसायचा, आणि हे घर आपलं होऊ शकेल असं तिला त्या वेळी वाटायचं. तो जाऊन तीन पायांचा स्विच घेऊन आला. जोडणी तिनेच केली. खटका दाबला, दोन्ही हात उठले, काच पुसून परतले. खटका बंद केला. दोन्ही हात निमूटपणे खाली गेले आणि आडवे झाले. दोनदा, तीनदा, दहादा.

“झालं, आई,” नवरा ओरडून म्हणाला.

सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी वायपरकडे पाहिलंच नाही. सीटवरची चादर चुरगळली आहे, एवढंच म्हणाल्या आणि दुसरी आणायला गेल्या.

४

सोमवारी जेवणं आटोपल्यावर यंत्रं तासभर बंद असतात. अप्पा आडवे झालेले, नवरा बाहेर गेलेला. ती वर बसून अभ्र्यांच्या घड्या घालत होती. अंगणातून आवाज आला. कोरड्या काचेवर रबर घासल्याचा, कर्र. मग थोडं थांबून, टप्.

व्हॅनची किल्ली स्वयंपाकघराच्या खिळ्याला होती, तिने जाताना पाहिली. नवा स्विच बंद. चालकाकडचा वायपर खाली आडवा. शेजारच्या सीटसमोरचा सरळ उभा.

ती घाबरली नाही, आधी तिला राग आला. आपण केलेली जोडणी चुकली म्हणजे काय! तिने पाना आणून दोन्ही हातांचे नट तपासले. नट ढिला असेल तर हात दांडीवर नुसता घसरू शकतो, एवढी एक पळवाट होती. दोन्ही घट्ट होते. तिने फ्यूज काढून एप्रनच्या खिशात टाकला आणि वायपर हाताने खाली ढकलला.

मंगळवारी त्याच वेळी, कर्र, टप्. फ्यूज तिच्या खिशात होता. तिने बॅटरीची वायर सोडवली. चारच्या फेरीआधी दोन्ही परत लावले, कुणाला काही बोलली नाही.

बुधवारी तिने आधीच बॅटरी सोडवली, बॉनेट उघडं ठेवलं आणि काच दिसेल अशी कडेला उलटी बादली घेऊन बसली. ऊन होतं. चादरी स्तब्ध होत्या. ती स्वतःला सांगत होती की रबर उन्हाने आखडत असेल, स्प्रिंग ताणली जात असेल, पत्रा तापून वाकत असेल. तिला आणखी दोन कारणं सुचणार होती, तेवढ्यात वायपरचा हात उठला.

झटक्याने नाही. बसमध्ये खिडकीशी बसलेलं माणूस काचेवरची वाफ तळव्याने पुसतं ना, तसा, बेताने, हवं तेवढंच. ती वाकून आत पाहू लागली. दांडी हलत नव्हती. तिने मोटरवर हात ठेवला. चाललेली मोटर कोमट लागते. ही मोटर गार होती, आणि तिच्या डोक्याच्या वर कर्र, टप् चालू होतं.

ती सरळ उभी राहिली तेव्हा तो थांबला होता. पुसलेल्या अर्धगोलात काचेवर एक धुरकट ठिपका होता, तळहाताएवढा. तिने बोट फिरवलं, तो पुसला गेला नाही. तो आतून होता. सीटवर बसलेल्या माणसाचं तोंड येईल, त्या उंचीवर.

धुलाईघरात वाफ असतेच, ती मनाशी म्हणाली. पण वाफेने सगळी काच धुरकटायला हवी होती.

५

गुरुवारी व्हॅन चारला गेली. ती आणि सासूबाई वर स्वयंपाकघरात बसल्या होत्या. अभ्र्यांची तुटलेली बटणं लावायचं काम होतं. सासूबाई स्टुलावर, भिंतीवरच्या घड्याळाखाली; ती त्यांच्या समोर.

सासूबाई झुलत होत्या. हे तिने आधीही पाहिलं होतं आणि म्हातारपणाच्या खात्यात टाकलं होतं. आज ती नीट पाहत राहिली. त्या थोडा वेळ बारीक बारीक हादरत बसायच्या, मग सगळं अंग डावीकडे कलायचं आणि हळूच सरळ व्हायचं. मग थांबायचं. मग पाठ मागे टेकल्यासारखी व्हायची, आणि स्टुलाला तर पाठच नव्हती.

एकाएकी सासूबाई पुढे फेकल्या गेल्या. पाय जमिनीत रुतले, उजवा हात पुढे जाऊन हवेत कशावर तरी आपटल्यासारखा थांबला, सुई बोटात घुसली. घड्याळात सव्वाचार झाले होते.

तिने धावत जाऊन त्यांना धरलं. सासूबाईंनी बोट तोंडात घातलं, म्हणाल्या, सवय गं, इतक्या वर्षांची सवय, आणि बटणं शोधायला लागल्या.

नवरा पाचला परतला. चहा पिता पिता त्याने सांगितलं की चौकात एक सायकलवाला आडवा आला, कचकन ब्रेक मारावा लागला, मागचे चार गठ्ठे पुढे आले. किती वाजता, तिने विचारलं. हा काय प्रश्न झाला, असं तोंड करून तो म्हणाला, सव्वाचार असतील.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्या आपल्या बोटाकडे पाहत होत्या.

६

शुक्रवारी नवरा परतला तो पांढराफटक होऊन. वायपर जाताना आणि येताना पूर्ण वेळ चालू होता, त्या एकाच बाजूचा. आवाजापेक्षा वाईट म्हणजे सारखं तिकडे बघावंसं वाटत होतं. कुणीतरी बोलत बोलत मधेच गप्प झाल्यावर आपण बघतो, तसं. एका वळणावर बघायच्या नादात गाडी फुटपाथवर चढली आणि खांबाला घासली. आरसा गेला. खांबाच्या अलीकडे लोक उभे होते, म्हणाला.

त्या संध्याकाळी ती सासूबाईंजवळ जाऊन बसली. त्या दिवशी चादरीमागे मी होते, असं सांगितलं. सासूबाईंना आश्चर्य वाटलं नाही. त्या सांगायला लागल्या ते स्वयंपाकाची गोष्ट सांगावी तसं. त्या या घरात आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाई तिथे बसायच्या. गाडी तेव्हा वेगळी होती, ती मोडीत निघाली. सीट अप्पांनी काढून या गाडीत बसवली. वायपर तेव्हाही असाच चालू झाला होता. मग सासूबाईंच्या सासूबाई म्हणाल्या, आता तू बस. त्या बसल्या आणि तो थांबला. का, हे कुणी विचारलं नाही. गाडी बाहेर निघणं महत्त्वाचं होतं.

“किती वेळ बसायचं?” तिने विचारलं.

“एकदाच,” सासूबाई म्हणाल्या. “मग दुसऱ्या दिवशी परत एकदाच. मी अठ्ठावीस वर्षं एकदाच बसले.”

तिला हसू आलं आणि त्याचीच भीती वाटली. सीट वाईट नाही, सासूबाई सांगत होत्या. वारा लागतो. रस्ता दिसतो. कुणी काम सांगत नाही. फक्त समोर बघायचं. ऑपरेशननंतर त्यांना वाटलं होतं, आता सुटले. पाय पसरून घरात बसेन, झाडांना पाणी घालीन.

“आणि?”

“घरात बसलं की घर सरकतं गं,” त्या म्हणाल्या. “तू बसलीस की थांबेल बहुतेक.”

रात्री नवऱ्याने तिला हुकूम केला नाही. केला असता तर सोपं गेलं असतं. तो म्हणाला, उद्या एकदा बसून बघ. काही नसेल तर आपण दोघं हसू. काही असेल तर काय, हे त्याने सांगितलं नाही. ती बसली नाही तर तो उद्या पुन्हा एकटा त्या वळणावरून जाणार होता, आणि बसली तर ती परवा पुन्हा एकदाच बसणार होती. ती चोवीस वर्षांची होती. तिच्या मनात वडिलांच्या त्या दुकानाएवढं स्वतःचं छोटं दुकान होतं, हे तिने अजून कुणाला सांगितलंही नव्हतं.

सकाळपर्यंत तिने ठरवलं होतं. बसायचं. माणूस खांबावर आदळण्यापेक्षा चादरीवर बसलेलं बरं.

७

शनिवारी साडेतीनला गठ्ठे भरून झाले. अप्पा या वेळी न चुकता एखादा विनोद करायचे, आज त्यांनी नुसतं मागचं दार लावलं. सासूबाई आज दुपारीही जिना उतरून आल्या होत्या. त्यांनी चादर सीटवर घातली, चारही कोपरे खोचले, सुरकुती हाताने काढली. एखाद्या पाहुण्याची गादी घालावी, इतक्या मायेने. मग त्या मागे सरकून काठीवर उभ्या राहिल्या. नवऱ्याने शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि धरून ठेवलं. तिच्याकडे न बघता.

तिला वळसा घालून जायचं होतं. व्हॅनच्या पुढून.

किल्ली अजून नवऱ्याच्या खिशात होती. ती काचेसमोर आली आणि वायपर उठला. एकदाच फिरला. धुळीत लख्ख अर्धगोल उघडला, आणि ती सवयीने, कुणी दार उघडलं की आपण बघतो तसं, आत डोकावली.

आधी तिला वाटलं, मागे उभ्या असलेल्या सासूबाईंचं प्रतिबिंब आहे. नाक तेच होतं, कपाळ तेच. पण केस काळे होते आणि पदर नवा होता, आणि आतली बाई बसलेली होती. एक हात छताला लटकणाऱ्या पट्ट्याला धरलेला. नजर तिच्याकडे नव्हती, तिच्यातून आरपार, लांब, रस्त्यावर असावी तशी. चादरीवरची सुरकुती नुकतीच काढलेली जागा तिच्या वजनाने खाली दबली होती. तिच्या तोंडासमोर काच धुरकट झाली, साफ झाली, पुन्हा धुरकट झाली.

ती स्वतःला सांगणार होती, ऊन आहे, काच तिरपी आहे. तेवढ्यात बाईच्या खांद्यामागे, सीटची पाठ असायला हवी होती तिथे, तिला आणखी एक खांदा दिसला. पहिल्यापेक्षा बारीक. त्याच्या मागे आणखी एक, अंगावर विटलेला पदर. एकाच जागेत, एकीच्या आत एक, घडीवर घडी घालून ठेवलेल्या अभ्र्यांसारख्या. सगळ्यांचा हात त्या एका पट्ट्याला.

सगळ्यांत शेवटची थोडी सरकली. जागा करून द्यावी, तशी.

तिने वळून अंगणाकडे पाहिलं. सासूबाईंनी काठी सोडली होती. त्या डोळे मिटून उभ्या होत्या आणि त्यांचा उजवा हात डोक्याच्या वर, हवेत, कशाला तरी घट्ट धरून होता. अप्पांनी खाली पाहिलं. नवरा अजून दार धरून उभा होता. त्याचे डोळे सीटवर होते, त्याला नुसती पांढरी चादर दिसत होती, आणि तो वाट बघत होता.

ती त्याच्याजवळ गेली. त्याच्या हातातून दार घेतलं आणि लावलं. फार जोरात नाही, आत कुणी दचकू नये इतपतच. मग पुढे केलेल्या त्याच्या हातातली किल्ली, जी त्याने नकळत काढली होती, घेऊन आपल्या एप्रनच्या खिशात टाकली.

तिघंही तिच्याकडे बघत होते, सासूबाई मिटल्या डोळ्यांनी. या घरात तिचा आवाज एवढ्या मोठ्याने आजवर कुणी ऐकला नव्हता. तिलाही तो परका वाटला.

“मी बसणार नाही, आई. तिथे जागाच नाहीये. तुमच्यापैकी अजून कुणी उतरलेलंच नाही.”